ओट्यामागची पाच बोटं

"विळ्यानं कापलं तुमी. कैची मांगाची तं होती."

"कैची मांगतली असती तं तू देली असती काय?"

"नसती देली."

"मंग?"

शकुनने हातातला तुकडा उलटा करून पाहिला. वीतभर लांब, वीतभर रुंद. पुढून पांढऱ्या-निळ्या टाइल्सची नक्षी, मागून एक मिशी. पूर्ण मिशीसुद्धा नव्हे, उजवीकडची अर्धी, आणि तिच्यावर नाकाचा थोडासा भाग. गोदाबाईंनी ती मिशी आधीच पाहिली होती, आणि खरं भांडण तिथूनच पेटलं होतं.

"हा कोन हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"कोनी नाही."

"कोनी नाही कसा? मिशी हाय त्याले. माह्या देवीच्या तोंडासमोर तीन दिवस हा उभा होता?"

गोदाबाई शकुनच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर बसत नाहीत, पण आज सकाळी शकुन नळाचं पाणी भरायला खाली गेली तेवढ्या वेळात त्या प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या होत्या. एका हाताने ओट्याची कड धरून दुसऱ्या हाताने विळा चालवला होता. सूनबाई वर येईस्तोवर भिंतीवरच्या नव्याकोऱ्या नक्षीला एक खिडकी पडली होती. खिडकीच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. आत जुनी भिंत, पिवळट आणि चिकट, आणि तिच्यावर तेल-कुंकवाची पाच बोटं, मागच्या श्रावणातली.

"बाबा, तुम्ही तरी काही बोला," प्रणाली म्हणाली. ही शकुनची मुलगी, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला. तिने आठवडाभर कॉलेजातून आल्या-आल्या आईच्या हाताखाली काम केलं होतं. तिचा केस वाळवायचा ड्रायर नक्षीचा कागद शेकून-शेकून निम्मा कामातून गेला होता.

चंद्रभान बाहेरच्या खोलीत पोहे खात होता. "मी काय बोलू? भाड्याचं घर हाय. भाड्याच्या घराच्या भिंतीवरून कोनी भांडते काय?"

हे वाक्य शकुनने लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकलं होतं. त्याला आता चोवीस वर्षं झाली.

चंद्रभान औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे ऑर्डरी घेण्याचं काम करतो. आठवड्यातले तीन दिवस अकोल्याकडची दुकानं, तीन दिवस अमरावतीकडची. त्यामुळे तो दोन्ही गावांत सारखाच राहतो आणि कोणत्याच गावात राहत नाही. माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. एकच खोड आहे, त्याला घर बदलायला आवडतं. अकरा महिन्यांचा करार दोन-तीनदा वाढवून झाला की त्याला मालकाचं काहीतरी खुपायला लागतं. कुठे मोटर वेळेवर सुरू होत नव्हती, कुठे मालकाचा कुत्रा याच्यावरच भुंकायचा. राजापेठेतल्या घराचा मालक तर फक्त सकाळी समोरासमोर आला असता नमस्कार करत नव्हता. "आपन काय बांधून घेतलं काय सोताले?" असं म्हणून चंद्रभान संध्याकाळी नवं घर पाहून यायचा. एखाददुसरं घर जास्त टिकलं, पण टिकलं ते प्रणाली पोटात होती म्हणून, किंवा सासरे आजारी होते म्हणून. चोवीस वर्षांत हे आठवं घर. पहिली चार अमरावतीत, मग तीन अकोल्यात, आणि आता हे, अकोल्यातच, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात, नत्थुजींच्या घरातला वरचा मजला.

घर चंद्रभान बदलायचा आणि भिंत शकुनच्या वाट्याला यायची.

भाड्याच्या घरात सगळं काही चालवून घेता येतं. दार नीट लागत नसेल तर लागत नाही. खिडकीला जाळी नसेल तर साडीचा तुकडा बांधता येतो. पण ओट्यामागच्या भिंतीकडे दिवसातून तीन वेळा, तासन् तास तोंड करून उभं राहावं लागतं, आणि त्या भिंतीवर आधीच्या बाईच्या फोडण्या असतात. शकुनचं माहेर शेंदूरजनाघाटचं. तिच्या आईच्या स्वयंपाकघराची भिंत मातीची होती, पण दर दिवाळीला आई ती पांढऱ्या मातीने सारवायची, आणि सारवली की दोन दिवस घरात ओल्या मातीचा वास राहायचा. भिंत आपली असली की सारवता येते. दुसऱ्याची असली की झाकावी लागते, एवढं शकुनला पहिल्याच घरात कळलं.

पहिल्या घरात तिने जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून खळीने चिकटवली. झुरळांनी खळ खाल्ली. दुसऱ्या घरात टेबलावर अंथरतात तसला फुलाफुलांचा मेणकापडाचा तुकडा टाचण्यांनी लावला, तर मालकीणबाईंनी टाचण्या मोजून दाखवल्या. अकोल्यात आल्यावर बाजारात चिकटवायचा रोल मिळायला लागला, मागचा कागद सोलायचा आणि लावायचा. शकुनने संगमरवरासारखा दिसणारा आणला. एप्रिलपर्यंत भिंत अशी दिसायची की शेजारच्या बायका हात लावून पाहायच्या. मे महिन्यात अकोल्याचं ऊन चढलं आणि भिंतीवरचा डिंक वितळायला लागला. एका दुपारी सगळा संगमरवर एका हाताने ओढल्यासारखा सावकाश खाली सरकला आणि वरणात जाऊन बसला. चंद्रभान त्या दिवशी हॉटेलात जेवला, आणि आल्यावर म्हणाला, "भाड्याच्या घरात कशाले करतं हे."

या घरातली भिंत सगळ्यांत वाईट होती. आधीचा भाडेकरू आलुबोंडे तळून शाळेच्या कँटीनला द्यायचा. भिंतीवर तेलाचा असा थर होता की पावसाळ्यात त्यावर माश्या चिकटून राहायच्या. शकुनने ती पाच बोटं तेवढी सोडून वर्षभर गरम पाणी आणि सोडा मारून पाहिला. थर पातळ झाला, गेला नाही. आणि नत्थुजींची अट एकच होती. ते एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. घर दाखवताना त्यांनी नळ दाखवला नाही, मीटर दाखवलं नाही, फक्त एवढंच सांगितलं, "माह्या भिंतीत खिळा ठोकाचा नाही. बाकी तुमी काय बी करा."

म्हणून या वेळी शकुनने युक्ती काढली होती, आणि ती तिची स्वतःची होती. प्रणालीच्या वर्गात चंदन नावाचा मुलगा आहे, त्याच्या घरचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने सनबोर्ड, म्हणजे फोमचे हलके फलक, पडलेले असतात. वाढदिवस झाला की बोर्ड कोणी न्यायला येत नाही. शकुनने असे तीन बोर्ड आणवले, ओट्याच्या मापाने कापले, वाढदिवसवाल्याचा चेहरा छापलेली बाजू भिंतीकडे केली आणि कोऱ्या बाजूवर टाइल्सच्या नक्षीचा कागद चिकटवला. शेगडीच्या मागे, खालच्या पट्ट्यात मात्र पातळ पत्रा लावला, जाळ लागू नये म्हणून. फुगे आले तिथे सुईने टोचून पट्टीने दाबले. मग सगळे बोर्ड ओट्यावर उभे करून कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी लावली. ना खिळा, ना खळ. डिंक बोर्डाला, भिंतीला नाही. घर सोडताना भिंत उचलायची आणि सोबत न्यायची.

आणि हे सगळं करायच्या आधी, आषाढात, तिने चंद्रभानला विचारलं होतं. "करार वाढवनार न् यावर्षी?" त्याने पेपरमागून "हो हो" म्हटलं होतं. तिने दुसऱ्यांदा विचारलं, त्याने दुसऱ्यांदाही "हो" म्हटलं. मगच तिने माप घेतलं.

चूक तिची एकच झाली. गोदाबाईंना विचारलं नाही.

गोदाबाईंच्या घरची रीत अशी की श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी पुरण शिजलं की चुलीमागच्या भिंतीवर देवीची पाच बोटं उमटवायची. तेलात कालवलेलं कुंकू, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, खालून वर. मग पहिली पोळी त्या बोटांना दाखवायची आणि मगच घरातल्यांनी जेवायचं. अंजनगावच्या त्यांच्या घरी चुलीमागे अशा बोटांच्या रांगा होत्या, एकाखाली एक, त्यांच्या सासूच्या, आजेसासूच्या. ते घर वाटण्यांत गेलं. गोदाबाई मुलासोबत भाड्याच्या घरांत आल्या तेव्हा त्यांनी ती रीत तेवढी बरोबर आणली.

आज तो शुक्रवार होता. शकुनने मागच्या वर्षीची बोटं बोर्डाखाली झाकली होती. तिचा हिशेब साधा होता, यावर्षी बोटं टाइल्सच्या कागदावर उमटवायची. पुसता येतात. सोडा लागत नाही.

तिने हे सांगितलं तेव्हा गोदाबाई विळा हातात घेऊनच उभ्या होत्या.

"पुसता येते त्याच्यावर बोटं उमटवाची?"

"आत्याबाई, कागद बी भिंतीलेच लागून हाय."

"भिंतीले नाही, मिशीवाल्याले लागून हाय."

प्रणालीला हसू आलं. तिने ते ड्रायरची वायर गुंडाळण्यात लपवलं.

"हसू नको वं पोट्टे," गोदाबाई म्हणाल्या. "तुह्या मायनं देवी कोंडली. तीन दिवस कोंडली. मले रोज वाटे, घरात जीव काहून लागून नाही राहिला. आज समजलं."

"तुम्हाला गुडघे दुखतात म्हणून जीव लागत नव्हता, आजी."

"गुडघ्याचं गुडघ्याजवळ. तू मधात नको बोलू."

शकुनने तो तुकडा ओट्यावर ठेवला. पुरणाच्या डाळीला शिट्ट्या होत होत्या. तिने कुकरखालचा गॅस बारीक केला आणि चिकटपट्टी शोधायला लागली. तुकडा पुन्हा बसवता येईल का, हे ती मनात पाहत होती. कडा फाटल्या होत्या. नक्षी जुळली नसती. तीन दिवस माप घेण्यात, दोन दिवस कापण्यात आणि तीन दिवस चिकटवण्यात गेले होते, आणि आता मधोमध एक भोक.

"बसवतं काय पुन्हा?" गोदाबाई म्हणाल्या. "बसव. मी पुन्हा कापतो. इळा मायाजवळच हाय."

"तुमाले त्या बोटांचं एवढं हाय तं—"

"मंग कशाचं असावं? माह्याजवळ दुसरं काय हाय? अंजनगावचं घर गेलं. पण या सात घरांत माह्या हातची बोटं हायेत. राजापेठेत हायेत, साईनगरात हायेत. आपन घर सोडलं, देवीनं नाही सोडलं. त्या घरी जे कोनी राहात असतीन त्यायच्या चुलीमागं मायी देवी उभी हाय."

शकुनने ड्रॉवर जोरात लावला.

"एकाही घरी नाही," ती म्हणाली.

"काय?"

"एकाही घरी नाही तुमची बोटं. सातही घरची मी पुसली."

चंद्रभानचा चमचा ताटलीत वाजायचा थांबला. प्रणालीने आईकडे पाहिलं.

हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्या वेळी कोणी तिथे नसायचंच. घर सोडायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे जायचा, त्याच्या मागे चंद्रभान गाडीवर. गोदाबाई देवघर मांडीवर घेऊन ऑटोत बसायच्या, प्रणाली त्यांच्या बाजूला. शकुन म्हणायची, "तुमी व्हा पुढं, मी झाडून-पुसून येतो." आणि मग रिकाम्या घरात ती एकटी त्या भिंतीपुढे उभी राहायची. पहिल्या घराच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, "ते तेलकट डाग काढून द्या बरं, लोकायले दाखवाचं असते घर." दुसऱ्या घरापासून कोणी सांगायची वाट तिने पाहिली नाही. नारळाची शेंडी, सोडा, लिंबाची फोड. कुंकू आधी गुलाबी व्हायचं, मग विटकरी, आणि तेलाबरोबर भिंतीत आतवर मुरलेलं असायचं. ती हात जोडायची, मग करंगळीपासून सुरुवात करायची. एका घरी डाग निघेना तेव्हा तिने खरकागद घासला आणि भिंतीचा रंगच निघाला. त्या रात्री नव्या घरी पोहोचल्यावर गोदाबाईंनी विचारलं होतं, "एवढा टाइम काहून लागला वं?" आणि शकुनने सांगितलं होतं, की बस उशिरा मिळाली.

आता सांगून झालं होतं. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

गोदाबाई स्टुलावर बसल्या. ज्या स्टुलावर उभं राहून त्यांनी कापलं होतं, त्याच्यावरच. त्यांनी विळा ओट्यावर ठेवला, तो मिशीच्या तुकड्याशेजारी.

"कशानं पुसत होती?" त्यांनी विचारलं.

"सोड्यानं."

"सोड्यानं निंघते काय ते? तेल लावाचं आधी. तेलानं तेल निंघते. दहा मिनिटं ठेवाचं, मंग राखुंडीनं घासाचं." त्यांनी शकुनच्या हातांकडे पाहिलं. "सात वेळा सोड्यानं घासत बसली. हाताचं कातडं गेलं असन."

"गेलं होतं."

"मले विचाराचं."

"तुमाले काय विचारू? की आत्याबाई, तुमची देवी कशानं पुसू?"

चंद्रभानकडे उत्तर नेहमी तयार असायचं. तो ताटली घेऊन आत आला. "झालं ते झालं. मालकानं सांगतलं तं पुसावं लागते. भाड्याच्या घराचं असंच असते. माय, तू उगाच—"

"तू गप ऱ्हाय," गोदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. नत्थुजी वर आले होते. त्यांच्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं, आणि त्यांनी दारातूनच भिंतीवरून नजर फिरवली.

"मंघाशी ठोकठोक आवाज आला. खिळा ठोकला काय?"

"खिळा नाही, मामा," प्रणाली म्हणाली. "आजी विळ्यानं कापत होती, तो स्टूल आपटत होता."

नत्थुजी ओट्याजवळ आले. त्यांनी बोर्डाच्या चारही कोपऱ्यांना हात लावून पाहिलं, वाकून पाहिलं, बोर्ड आणि भिंतीच्या फटीत बोट घालून पाहिलं. खिळा नव्हता. त्यांच्या तोंडावरचा ताण गेला.

"कामाची हाय सूनबाई तुमची. असं आमच्या खालच्या ओट्याले करून देतान काय?"

"पाहू," शकुन म्हणाली.

"हे काय हाय?" त्यांनी भोकाकडे बोट दाखवलं.

गोदाबाई उठल्या. अशा वेळी त्यांच्या गुडघ्यांचं त्यांना भान राहत नाही. "नत्थुजी, मी तुमाले एकच विचारतो. हे देवीची बोटं हायेत. आज पुन्हा उमटवनार हाय. आमी घर सोडलं तं तुमी पुसाले लावसान काय?"

"कशाले पुसाले लावू? आमच्या खाली बी हायेत, आमच्या बाईनं काढलेली. खिळा तं नाही न् हा. राहू द्या." नत्थुजींनी केळ्याचा घास घेतला. मग, जणू सोय झाल्याच्या आनंदाने, म्हणाले, "आन् तसं बी दिवाळीले तुमी जाऊनच राहिले. चंद्रभानभाऊनं मले परवा सांगतलं. राहू द्या बोटं. पुढच्या मान्सालेबी कामी येतीन."

गोदाबाईंनी चंद्रभानकडे मान वळवली. नत्थुजींना काहीतरी चुकलं हे समजलं, पण नेमकं काय ते समजलं नाही. त्यांनी केळ्याचं साल कुठे टाकावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, मग ते हातातच ठेवून ते जिना उतरून गेले.

शकुन चंद्रभानकडे पाहत होती. त्याने ताटली मोरीत ठेवली आणि उगाच नळ सुरू केला.

"परवा सांगतलं?" ती म्हणाली.

"सांगनारच होतो. मौका नाही भेटला."

"आठ दिवस मी भिंतीवर चढून होती. तुमी इथंच पेपर वाचत होते. मौका नाही भेटला?"

"तू एवढ्या हौसेनं करून राहिली होती, म्हटलं कशाले नाराज करा."

"आषाढात मी तुमाले दोनदा विचारलं."

"तवा ते घर पाहिलं नव्हतं. चांगलं हाय वं घर. अमरावतीले, रुक्मिणीनगरात. खाली हाय, मायले जिना चढा नाही लागनार. आन् गाडीले सावली हाय. पत्र्याचं शेड हाय गाडीसाठी. इथं उन्हात पेट्रोलची टाकी तापते, सीटवर बसवत नाही. मी मान्साले हो म्हटलं."

"माझ्या कॉलेजचं काय?" प्रणालीने विचारलं. "माझं शेवटचं वर्ष आहे, बाबा."

"बस हाय न्. रोजचे पोट्टे जातेत अमरावतीहून अकोल्याले."

"दोन तास जायला आणि दोन तास यायला."

"मंग होस्टेल पाहू. काही न् काही होते. तुमी बाया एवढुसं असलं तरी डोक्यावर घेता. भिंत तं काढता येते न्? तूच म्हने, सोबत नेता येते." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मंग नेऊ सोबत. तिथं लावजो."

शकुनने कुकर उतरवला, वाफ जाऊ दिली, झाकण काढलं. डाळ शिजली होती. तिने ती चाळणीत ओतली, कट वेगळा काढला, गूळ घातला आणि पुरण गॅसवर ढवळायला लागली. ढवळताना तिची पाठ सगळ्यांकडे होती. चंद्रभानला हे बरं वाटलं. पाठ म्हणजे राग ओसरत चाललाय, असा त्याचा अनुभव होता. त्याने शर्ट घातला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

गोदाबाई स्टूल ओढत ओट्याशी आल्या. त्यांनी लहान वाटीत तेल घेतलं, कुंकू कालवलं, बोटाने दाटपणा पाहिला. भोकाची खालची कड वर आली होती, तिथला कागद त्यांनी अंगठ्याने दाबून बसवला. जुनी बोटं फिकी झाली होती, पण दिसत होती.

"पहाय, माप बरोबर घेतलं मी," त्या म्हणाल्या. "बोटं नेमकी मधात आली."

"कडा फाडल्या तुमी."

"तू सरळ करजो. तुले येते."

"येते. पन आता त्याले पट्टी लावा लागन चारी बाजूनं. फोटोच्या चौकटीवानी."

"लाव मंग." गोदाबाईंनी वाटी शकुनच्या पुढे धरली. "आन् हे तूच उमटव."

"मी? दरवर्षी तुमी काढता."

"सात वेळा पुसता आली तुले, तं एकदा उमटवता बी येईन. माहा हात कापते. पुरन मी ढवळतो, दे."

शकुनने पळी सासूच्या हातात दिली. हात धुतले, पदराला पुसले आणि उजव्या हाताची करंगळी वाटीत बुडवली. बोर्डाच्या मधल्या त्या भोकात हात घालून, जुन्या बोटांच्या जरा उजवीकडे, तिने पहिली रेघ खालून वर ओढली. भिंत चिकट होती, पण कुंकू धरत होती. मग अनामिका, मधलं, तर्जनी, अंगठा. अंगठ्याची रेघ थोडी जाड आली.

"जाड आली," ती म्हणाली.

"येऊ दे," गोदाबाई म्हणाल्या. "पुरन लागून राहिलं खाली, गॅस कमी कर."

चंद्रभानला किल्ली सापडली होती. तो दारात उभा राहून बूट घालत होता. "मी निंघतो. संध्याकाळी त्या अमरावतीवाल्याले फोन करून टाकतो, एक तारखेपासून. सामान दिवाळीच्या आधी हलवू. शकुन, खोकी जपून ठेवली न् मागच्या वेळची?"

शकुन वळली. हाताला मनगटापर्यंत तेल आलं होतं आणि पाचही बोटं लाल होती, म्हणून तिने हात अंगापासून दूर धरला होता.

"खोकी मी रद्दीवाल्याले देली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, भाजीवाल्याला नको म्हणावं तसं म्हणाली. "मी, आत्याबाई आन् प्रणाली या घरातून हलत नाही. करार माह्या नावानं करतो, नत्थुजीशी मी बोलून घेतो. तुमचं अमरावतीचं काम तीन दिवसांचं हाय, तेवढे दिवस तिथं राहा, गाडीले सावली हाय. शुक्रवारी या."